हळूबाईची शाळा

आमच्या इमारतीत तिला सगळे हळूबाई म्हणायचे. नाव मीच ठेवलं. माझ्या तोंडाला कुलूप नाही हे अख्ख्या इमारतीला माहीत आहे, तेव्हा त्यात लपवायचं काय? जिन्यात कुणी चप्पल आपटली की हिचं दार बोटभर उघडायचं आणि आतून यायचं, "हळू!" पोरं चेंडू घेऊन निघाली की "हळू!" दूधवाल्याने कडी वाजवायला हात उचलला की कडीला हात लागायच्या आधी "हळू!" आणि ते म्हणणंसुद्धा इतकं हळू की अर्धं ओठांवरून वाचावं लागे.

पण लग्न होऊन आली तेव्हा ही बाई अशी नव्हती, हे आधी सांगून टाकते. पिठाच्या गिरणीशेजारी वाढलेली. त्या घरात मीठ मागायचं तरी ओरडून मागावं लागायचं. ती खालून भाजीवाल्याशी घासाघीस करायची ते मला तिसऱ्या मजल्यावर, शिलाई मशीन चालू असताना ऐकू यायचं. हसली तर भिंतीपलीकडून मला समजायचं, काय झालं ते विचारायला मी मशीन थांबवून जायची. आमच्या दोघींच्या खोल्यांमध्ये एकच भिंत, आणि तीही बिचारी नावालाच भिंत.

नवरा पावाच्या कारखान्यात रात्रपाळीला. माणूस सरळ, कष्टाळू, बोलायला गोड. संध्याकाळी जायचा, सकाळी अंगाला खमीराचा वास घेऊन यायचा आणि दिवसभर झोपायचा. खोली एकच. ओटा त्यातच, पलंग त्यातच, मोरी त्यातच. दोघंच होती तोवर ती दिवसाची माझ्याकडे येऊन बसायची, त्याची झोप तिकडे आणि हिच्या गप्पा इकडे, असं छान चाललं होतं.

मग मुलगी झाली. दात येण्याच्या दिवसांत पोर दिवसदिवसभर रडायची. अंगाई झाली, खांद्यावर घेऊन फेऱ्या झाल्या, माझ्या मांडीवर झालं, काही केल्या थांबेना. तो उशी डोक्यावर घेऊन पडून राहायचा. एकदा शब्दानं बोलला नाही. उलट म्हणायचा, "रडू दे गं, लहान आहे ती." आणि तसाच न झोपता कामावर जायचा. एके रात्री कणीक मळायच्या यंत्रापाशी त्याचा डोळा लागला. उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली. हात वाचला हे नशीब, असं सगळे म्हणाले. मालकानेही दवाखान्यात येऊन बरंच गोड बोलून शेवटी सांगितलंच की पुन्हा असं झालं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल.

त्या दिवसापासून तिने आवाज टाकून दिला. कुणी तिला सांगितलं नाही, नवऱ्याने तर नाहीच. तो पट्टी बांधलेला हात पोटावर घेऊन झोपलेला, आणि ही पलंगाच्या पायाशी पोरीचं तोंड छातीशी दाबून बसलेली. मी दारातून बघितलं आणि काही न बोलता परत आले, म्हणजे बघा.

पुढे तिने त्या खोलीतला एकेक आवाज शोधून काढला. खुर्चीच्या पायांना मी चिंध्यांचे मोजे शिवून दिले. स्टीलची भांडी वरच्या फळीवर गेली, खाली प्लास्टिकची आली. दाराच्या बिजागरीत तेल, कडीला फडकं. कुकर तो यायच्या आधी नाहीतर उठल्यावर, मध्ये शिट्टी नाही. नळाखाली बादलीत ओला टॉवेल घालून ठेवायची, म्हणजे धार त्यावर पडावी. एक दिवस ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली, नजर मशीनवर.

"मावशी, दुपारचं जरा..."

"जरा काय? मी काय पोटाला चिमटा घेऊन बसू?"

ती आपल्याच उजव्या हाताची दोन बोटं दुसऱ्या हातात धरून उभी राहिली. मी चरफडले. चरफडत का होईना, दुपारी काजं-बटणं, हेम, हातशिलाई, आणि तो उठला की मशीन, असं ठरवून घेतलं. त्या खोलीने माझंही तोंड थोडं बंद केलं, ही गोष्ट इमारतीत पुष्कळांना आवडली.

मुलीचं लाडाचं नाव चिमणी. चिवचिव म्हणाल तर नाव नको. चालायला शिकली ती चवड्यांवरच. पडली तर आधी आईकडे बघायची, आईचे ओठ म्हणायचे 'हळू, बाबा झोपलेत', मग तोंड दोन्ही हातांनी झाकायची आणि मग रडायची. डोळ्यांतून नुसतं पाणी, आवाज नाही. मला ते बघवत नसे. पण येणारे-जाणारे म्हणायचे, काय शहाणी पोर, कुठे त्रास म्हणून नाही. बाप संध्याकाळी उठला की तिला मांडीवर घ्यायचा, ती त्याच्या शर्टाच्या बटणांशी खेळत बसायची. कामावर जाता जाता तो मला म्हणायचा, "मावशी, पोर फार गुणी निघाली हो!" हळूबाई दारात उभी राहून त्याला म्हणायची, "हात सांभाळा." हे रोजचं. तेही ओठांनीच. त्याला सवय झाली होती, तो मान हलवून जिना उतरायचा.

आता कुणाला वाटेल की या बाईने पोरीकडे लक्ष दिलं नाही. अहो, लक्ष? तिच्याइतकं लक्ष देणारी आई मी बघितली नाही. तिचं स्वतःचं शिक्षण अर्ध्यावर सुटलेलं, गिरणीवर बसायला माणूस हवा म्हणून. माझ्या पोरीचं तसं होऊ द्यायचं नाही, हा तिचा ध्यास. पाटी-पेन्सिल आणली तर पेन्सिल किरकिरते. म्हणून तिने माझ्याकडून अस्तराचं काळं कापड नेलं आणि शिंप्याचा खडू नेला. कापडावर खडू चालतो तेव्हा काही ऐकू येत नाही. त्या कापडावर तिने पोरीला सगळी मुळाक्षरं शिकवली. कापड भरलं की झटकायचं, पुन्हा काढायचं. अंधार पडला की तळहातावर बोटाने. 'क' काढायचा आणि तोंड उघडून दाखवायचं. 'म' काढायचा आणि ओठ मिटून दाखवायचे. पोर आईच्या ओठांकडे बघायची आणि हुबेहूब तसेच ओठ करायची. वर्षाअखेर पोरीला 'आई' काढता यायचं, 'बाबा' काढता यायचं, दहापर्यंत आकडे यायचे. मीसुद्धा कौतुकाने बघायची. आमच्या लक्षातच आलं नाही की तिला अक्षर येतंय आणि त्याचा आवाज येत नाहीये. त्या खोलीबाहेरच्या कुठल्याही आईच्या हे पहिल्या दिवशी लक्षात आलं असतं.

शाळेत नाव घालायच्या दिवशी मीही गेले. नवरा झोपलेला होता आणि तिला सोबत हवी होती. बालवर्गाच्या बाई तरुण, हसतमुख. त्यांनी चिमणीपुढे मांजराचं चित्र धरलं.

"हे काय आहे, बाळा?"

चिमणीने टेबलावरचा खडू उचलला आणि पाटीवर 'म' काढला. ठसठशीत, वळणदार. बाईंचे डोळे मोठे झाले.

"अरे वा! म्हण बघू आता."

चिमणीने ओठ मिटले, उघडले. मिटले, उघडले. बाई पुढे वाकल्या. "मोठ्याने म्हण हं. बाईंना ऐकू नाही आलं." पुन्हा ओठ मिटले, उघडले. बाईंचं हसू हळूहळू गेलं. शेजारच्या वर्गात कुणीतरी पोरांवर ओरडत होतं, "हाताची घडी, तोंडावर बोट!" ते ऐकताच आमच्या पोरीने झटकन हाताची घडी घातली आणि मग एक हात सोडवून बोट ओठांवर ठेवलं. तिला हे शिकवावं लागलं नाही. बाकीच्या पोरांना जे शिकवायला शाळेची दोन वर्षं जातात, ते ही घरूनच शिकून आली होती.

"हिला ऐकू येतं ना?" बाईंनी विचारलं.

कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मागून चुटकी वाजवली, लांबून घड्याळ धरलं, कसलेसे बारीक आवाज लावले. पोर प्रत्येक आवाजाला मान वळवत होती. डॉक्टर म्हणाले, "हिचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत. गळाही ठणठणीत आहे. घरी हिच्याशी कोण बोलतं?"

"मी बोलते की," हळूबाई म्हणाली.

"काय म्हणालात?"

"मी बोलते."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. मग त्यांनी सगळं विचारून घेतलं आणि रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. ते म्हणाले, "या वयात कानावर पडतं तेच तोंडातून येतं. औषध काही नाही. हिच्याशी बोला. मोठ्याने, मोकळेपणी, दिवसभर."

"दिवसभर," ती म्हणाली. रस्त्याने येताना आणखी दोनदा म्हणाली. शाळेच्या बाईंनीही सांगितलं होतं, वर्ग सुरू होईपर्यंत थोडं बोलू लागली तर घेते, नाहीतर वेगळ्या शाळेत पाठवावं लागेल, एवढ्या पोरांत मी हिच्या ओठांकडे बघत बसू शकणार नाही. त्यांचंही काही चुकलं नव्हतं. हेच तर वाईट. यात कुणाचंच चुकलं नव्हतं आणि बाहेर पडायला फट नव्हती. बोलावं तर नवऱ्याची झोप जाते, आणि झोप गेली की हात जातो. गप्प बसावं तर पोरीची शाळा जाते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मी म्हटलं, माझ्या खोलीत आणून बोल की तिच्याशी! आणली. मी मुद्दाम मशीन सुरू केलं, आवाजात आवाज मिसळावा म्हणून. पोर उठली, मशीनच्या चाकावर दोन्ही हात ठेवून चाक थांबवलं आणि भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीपलीकडे बाबा. मग दोघींना घेऊन मैदानावर गेले. मोकळं मैदान, जवळपास कुणी नाही. "ओरडा!" मी म्हटलं. कुणी ओरडेना. मग मीच ओरडले, "ओऽऽ!" लांब एक माणूस सायकल थांबवून बघायला लागला. चिमणीने एका हाताने माझ्या कमरेला विळखा घातला आणि दुसऱ्या हाताने माझं तोंड शोधायला लागली. "तू ओरड गं," मी आईला म्हटलं, "तुझं बघून ती करेल." तिने श्वास घेतला, तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताठ झाल्या, आणि बाहेर आली ती नुसती हवा. तिने पुन्हा केलं, पुन्हा तेच. ती स्वतःच्याच गळ्याला हात लावून बघायला लागली. गिरणीवर ओरडणारी ती मुलगी कुठे गेली होती कुणास ठाऊक! मला रडू आलं, सांगायला लाज कसली.

"त्याला सांग," मी येताना म्हटलं. "बाप आहे तो."

"सांगितलं तर ते म्हणतील, बोला खुशाल, माझं मी बघतो," ती म्हणाली. "आणि मग झोपणार नाहीत. उशी डोक्यावर घेऊन पडतील. मावशी, मला माहीत आहे ते कसे पडतात."

तिने मला शपथ घालायचा प्रयत्न केला. मी घालू दिली नाही. संध्याकाळी तो शर्टाचं बटण लावून घ्यायला आला, तेव्हा मी सुई-दोरा हातात घेतला आणि सगळं सांगून टाकलं. शाळा, डॉक्टर, मैदान.

तो आमच्या मधल्या भिंतीकडे बघायला लागला.

"मला वाटायचं, पोर गुणी आहे."

"गुणी आहेच. पण गुणी म्हणजे मुकी नव्हे रे बाबा."

"मला का नाही सांगितलं कुणी?"

"सांगायला तू जागा कधी असतोस?"

हे जरा लागलं त्याला. लागावं म्हणूनच बोलले होते. तो आपल्या त्या दोन आखूड बोटांकडे बघत म्हणाला, "म्हणजे पोरीला शिकवायचं ते तिने, शाळेत न्यायचं ते तुम्ही, आणि मी काय, नुसतं झोपायचं? मी बाप आहे की या घरात उतरलेला पाहुणा?" मग शर्ट न घेताच गेला. दुसऱ्या दिवशी कळलं की त्याने मालकाकडे दिवसपाळी मागितली होती. दिवसा फक्त पाव बांधायचं काम, आणि त्याला दहा बोटं लागतात, असं उत्तर मिळालं.

त्यानंतर एका सकाळी कामावरून आल्यावर त्याने पोरीला पुढ्यात बसवलं. मला बोलवायला हळूबाईच आली, चेहरा पांढराफटक. मी गेले तेव्हा तो पोरीला सांगत होता, "आज मला लवकर उठायचंय. तू उठवायचं. हात लावून नाही हं, हाक मारून. हाक मारल्याशिवाय मी उठणारच नाही." आणि तो पलंगावर आडवा झाला, डोळे मिटले. मी दारात. आई ओट्याला टेकून, एक हात तोंडावर.

चिमणी पलंगाशी उभी राहिली. तिने आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पलंगाच्या त्या बाजूला गेली, या बाजूला आली, चवड्यांवरच. ओठ हलवले, बाबा, बाबा. त्याचे डोळे मिटलेले, त्याला ओठ कुठून दिसणार? तिला ते कळलं असावं. ती जरा थांबली. मग तिने त्याचा उजवा हात उलटा करून तळहात आपल्यापुढे घेतला आणि बोटाने त्यावर लिहिलं. बा. बा. सावकाश, आई काढते तसं वळण देऊन. आणि वाट बघत बसली.

त्याच्या पापण्या थरथरल्या, पण त्याने डोळे उघडले नाहीत. तिने पुन्हा लिहिलं. तिसऱ्यांदा लिहिताना तिचं बोट जोरात दाबायला लागलं आणि तिच्या डोळ्यांतून ते बिनआवाजाचं पाणी सुरू झालं. तिला येत होतं तेवढं सगळं ती करत होती. त्याच्या मिटल्या डोळ्यांतूनही पाणी निघून कानाकडे चाललं होतं. मला वाटलं, पुरे आता, जाऊन त्याला गदागदा हलवावं.

तेवढ्यात ओट्यापाशी काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला.

"अहो, उठा ना! हाक मारतेय ती तुम्हाला! केव्हाची हाक मारतेय!"

हळूबाई ओरडली होती. आवाज चिरलेला, गंजलेली कडी सरकावी तसा, पण खालच्या मजल्यापर्यंत जाईल इतका मोठा. त्या खोलीत एवढा आवाज पोर रडायची थांबल्यापासून झाला नव्हता. चिमणी दचकून उभी राहिली. आईकडे धावली. तिच्या तोंडावर हात ठेवायला उड्या मारायला लागली, हात पोचेना, आणि आई तर थांबायलाच तयार नाही, "उठा ना, उठा ना" चालूच.

आणि मग पोर ओरडली.

"हळू! बाबा झोपलेत!"

जाडसर, खरखरीत आवाज. एवढ्याशा अंगात तो कुठे ठेवला होता देव जाणे. आई एकदम गप्प झाली. ती ओट्याला धरून खालीच बसली, पोरीकडे बघत राहिली. चार वर्षं जे एकच वाक्य तिने जीव तोडून शिकवलं होतं, ते पोरीने पाठ म्हणून दाखवलं होतं.

पलंगावरून तो म्हणाला, डोळे तसेच मिटून, "कोण बोललं? मला नाही ऐकू आलं. परत सांग."

चिमणी वळली. झोपलेला माणूस बोलतो कसा, हे तिला कळेना. ती पलंगाजवळ गेली, त्याच्या कानाशी वाकली आणि तिने परत सांगितलं. मग आणखी एकदा. तो दर वेळी म्हणत होता, नाही ऐकू आलं, आणि ती दर वेळी आणखी मोठ्यांदा सांगत होती, बाबा झोपलेत, बाबा झोपलेत, आणि तो तिचा हात धरून पडल्या पडल्या हुंदके देत होता.

त्या दिवशी तो झोपला नाही. कसा झोपणार? पोर थांबेचना. संध्याकाळी तो तांबारलेल्या डोळ्यांनी कामाला निघाला. दोघी मायलेकी दारात उभ्या होत्या, मीही माझ्या दारात. तो जिना उतरायला लागला. रोजच्यासारखी हळूबाईने ओठांची हालचाल केली, पण आज त्याची पाठ होती आणि तो वळला नाही. पहिल्या वळणावर गेला, दिसेनासा झाला. ती कठडा धरून पुढे वाकली.

"हात सांभाळाऽ!"

खाली दारं उघडली. कुणीतरी विचारलं, काय झालं? त्याची पावलं जिन्यात थांबली, मग पुन्हा उतरायला लागली. चिमणीने आईच्या शेजारी कठड्याच्या गजांत तोंड घातलं आणि जिवाच्या आकांताने तेच ओरडली. तो रस्त्याला लागला तरी त्या दोघी ओरडतच होत्या, आणि त्यांना हळू म्हणायला कुणी नव्हतं.